कुलपांची नगरी

मुंबईत घर मिळत नाही म्हणून माणसे पदपथावर पथारी पसरतात. आणि त्याच मुंबईत २०११ च्या जनगणनेच्या वेळी सुमारे चार लाख ऐंशी हजार घरे कुलपे लावून बंद असल्याचे आढळले. घरटी चार माणसे धरली तरी एकोणीस लाखांची सोय झाली असती एवढी ही घरे. त्याच जनगणनेने दर दहा मुंबईकरांतील चार झोपडपट्टीत राहतात असेही सांगितले. सबंध महाराष्ट्रात रिकामी घरे वीस लाखांच्या आसपास, म्हणजे देशात सर्वांत अधिक! हे आकडे सरकारच्या कोणा शत्रूने उठविलेले नाहीत. केंद्र सरकारच्याच २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत ते छापून आले. पुढची जनगणना २०२१ साली व्हावयाची होती, ती त्या साली झालीच नाही; त्यामुळे कुलपांची भर किती पडली याचा हिशेब सरकारला सोयीस्कर रीतीने टळला.

घरांची टंचाई आणि रिकाम्या घरांची रास एकाच शहरात सुखाने नांदतात, हे कसे? ज्याने कर्ज काढून विरारला किंवा पनवेलला दुसरी सदनिका घेतली, तो कारकून अथवा शिक्षक काही नफेखोर नव्हे. सोने ठेवावे तसे त्याने घर ठेवले आहे. निवृत्तीनंतर विकू, मुलीच्या लग्नाला उपयोगी पडेल, हा त्याचा हिशेब. घरभाड्याचे वार्षिक उत्पन्न किमतीच्या दोन-तीन टक्क्यांवर क्वचितच जाते, आणि भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही ही १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मनात बसविलेली धास्ती १९९९ चा नवा कायदा आल्यावरही गेलेली नाही. मग दोन टक्क्यांसाठी जिवाला घोर कोण लावून घेणार? १९६१ साली देशातील शहरांमधील शंभरांतील चौपन्न कुटुंबे भाड्याच्या घरात राहत; २०११ साली ती अठ्ठावीसवर आली. चाळीत खोली भाड्याने घेऊन ज्यांच्या वडिलांनी मुंबईत पाय रोवला, त्या आमच्या वाचकांना या घसरणीचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही.

परंतु या कुलपांची किल्ली घरमालकाच्या खिशात असली तरी कुलूप सरकारने पुरविलेले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. घर रिकामे ठेवले तरी त्याला जे भाडे आले असते ते उत्पन्न धरून कर आकारावा, ही आयकर कायद्यातील जुनी व शहाणपणाची तरतूद. राहत्या एका घरापुरती तीत सूट होती. २०१९ च्या फेब्रुवारीतील हंगामी अंदाजपत्रकाने ती सूट दोन घरांना दिली. आणि त्याच फटक्यात, बांधून पूर्ण झालेल्या पण विकल्या न गेलेल्या घरांवर बांधकाम व्यावसायिकांना मिळणारी करमाफी एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. २०२५ साली तर दुसऱ्या घरात मालक का राहत नाही हे पाहण्याचे कारणही सरकारने उरू दिले नाही. घर रिकामे ठेवणे स्वस्त करावयाचे आणि घरे महाग का म्हणून परिषदा भरवावयाच्या, हा खेळ आणखी किती दिवस चालणार?

शहरातील घरांची ही कथा. सबंध शहरच या हव्यासातून उभारू गेल्यास काय होते ते पाहावयास मुळशी तालुक्यात जावे. हाच तो तालुका, जेथे १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. ऐंशी वर्षांनी, २००१ मध्ये, राज्य सरकारने मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील अठरा गावांची भूमी गिरिस्थान म्हणून जाहीर केली. मोसे खोऱ्यात, पुण्याला पाणी देणाऱ्या वरसगाव धरणाच्या काठी लवासा नावाचे, दोन-तीन लाख वस्तीचे नगर वसणार होते. इटलीतील पोर्टोफिनो या बंदराच्या धर्तीवर रंगीत घरांची रांग दासवे येथे उभी राहिलीही. सह्याद्रीच्या पावसात इटलीचे रंग किती टिकतात, हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही! २००८ साली सरकारने कंपनीलाच नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. म्हणजे बांधणाराच परवानगी मागणार आणि बांधणाराच ती देणार. लोकनियुक्त सरकारने आपला अधिकार असा परहस्ते देऊन टाकावा, याचा खुलासा त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी आजवर समाधानकारक केलेला नाही.

२०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबविले, वर्षभराने अटी घालून परवानगी दिली. पण तोवर कर्जाचे व्याज थांबत नव्हते. २०१७ साली नियोजनाचा अधिकार काढून घेतला गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. २०२३ च्या जुलैमध्ये एका खरेदीदाराची आठ वर्षांत १,८१४ कोटी रुपये देण्याची योजना मंजूर झाली. ठरलेला पैसा भरला गेला नाही म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात तीही रद्द झाली. ज्यांनी तेथे घरासाठी पैसे भरले त्यांच्या आयुष्याची इतकी वर्षे कोणत्या खात्यात जमा धरावयाची? जमिनी गेलेल्या गावकऱ्यांचा प्रश्न तर न्यायाधिकरणाच्या ताळेबंदात बसतच नाही.

हे दुखणे एकट्या महाराष्ट्राचे नाही. चीनमध्ये तर ते राक्षसी प्रमाणावर उद्भवले. कोळशाच्या पैशावर ऑर्डोस शहराजवळ कांगबाशी हे नवे नगर उभारले गेले आणि वर्षानुवर्षे ओस राहिले; पुढे शाळा आणि सरकारी कचेऱ्या तेथे हलविल्यावर कोठे वस्ती होऊ लागली. एव्हरग्रांद या प्रचंड कंपनीने घर बांधण्यापूर्वीच ग्राहकांकडून पैसे घ्यावे आणि त्यातून पुढची जमीन घ्यावी, असा क्रम चालविला. कर्ज तीनशे अब्ज डॉलरांवर गेले, २०२१ मध्ये कंपनी बुडीत निघाली आणि २०२४ च्या जानेवारीत हाँगकाँगच्या न्यायालयाने ती मोडीत काढण्याचा हुकूम दिला. २०२२ साली अनेक शहरांतील ग्राहकांनी, घर पुरे होत नाही तोवर कर्जाचा हप्ता भरणार नाही, असे एकजुटीने कळविले. एकपक्षीय राजवटीत एवढे बोलण्यास छाती लागते.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने ग्राहकांच्या पैशातील सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन आले, आणि २०१८ पासून घर घेणारा दिवाळखोरीत सावकाराच्या पंक्तीस बसू लागला. या दोन्ही सुधारणांचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. पण त्या फसलेल्या ग्राहकाच्या रक्षणाच्या आहेत. बांधून तयार असलेल्या कुलूपबंद घराला त्यांचा स्पर्शही होत नाही. कॅनडातील व्हँकूव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरावर किमतीच्या एक टक्का कर बसविला आणि २०२१ पासून तो तीन टक्के केला. रिकाम्या घरांची संख्या तेथे घटली. तेवढे धाडस येथे एकदम होणार नाही, हे आम्ही जाणतो. मुद्रांक शुल्कावर खजिना भरणाऱ्या सरकारला घरांच्या किमती उतरलेल्या खपत नाहीत, हे त्याचे खरे कारण.

निदान आरंभ तरी घरापासून करावा. २०२२ पासून मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. राहत्या कुटुंबाला ही माफी मिळाली याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु तेवढ्याच आकाराचे, वर्षभर दिवा न लागलेले घरही तिचा लाभ का घेते? घर राहते आहे की बंद, हे विजेच्या बिलावरून कळते. त्यासाठी नवे खाते काढण्याची गरज नाही. सलग वर्षभर बंद राहिलेल्या घराची माफी काढावी, आणि ते रीतसर करार करून भाड्याने दिल्यास ती परत द्यावी, अशी दुरुस्ती विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मुंबईचा कोणता आमदार मांडतो, हे आम्ही नावानिशी छापू.