यंत्राशी बोलताना – ७ : दोन जुन्या नोटिसा

‘तू अनुभवी वकील आहेस’ अशी भूमिका चॅटबॉटला दिली की उत्तरात नेमकं काय बदलतं, ते आज सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या शनिवारी. मधे चिंचवडच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो.

हे गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. टाकी धुवायची आहे, सकाळी पाणी बंद राहील, एवढीच नोटीस त्यांना चॅटबॉटकडून हवी होती. कोणासाठी, कशासाठी, किती ओळींत, हे सगळं त्यांनी प्रॉम्प्टमध्ये नीट लिहिलं. उत्तर आलं, ‘सर्व सन्माननीय सभासदांना याद्वारे सूचित करण्यात येते की...’ मग ‘साध्या मराठीत लिही’ म्हटलं, तर ‘नमस्कार मंडळी!’ आणि जोडीला पाण्याच्या थेंबांची चित्रं. ‘मला याच्या मधलं हवंय, ते कसं सांगू?’ असं ते विचारतात.

सांगूच नका. फाइलमधल्या, तुम्ही स्वतः लिहिलेल्या दोन जुन्या नोटिसा प्रॉम्प्टमध्ये चिकटवा आणि खाली लिहा : ‘याच पद्धतीने पुढची नोटीस लिही.’

‘साधी’, ‘आपुलकीची’ हे शब्द चॅटबॉटमागच्या मॉडेलने हजारो प्रकारच्या लेखनाच्या संदर्भात वाचलेले आहेत. त्यातला तुमचा साधेपणा कोणता, हे त्याने ओळखायचं कशावरून? नोटिशीत मात्र सगळंच असतं : वाक्य किती लांब, ‘कृपया’ कुठे येतं, सभासदांना ‘आपण’ म्हणता की ‘तुम्ही’, सहीच्या वर काय लिहिता. यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला विचारल्या तर सांगताही येणार नाहीत.

मे २०२० मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी जीपीटी-३ वरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा गाभा हाच होता. १७५ अब्ज पॅरामीटरचं ते मॉडेल नव्याने न शिकवता, प्रॉम्प्टमधले मोजके नमुने पाहून नवं काम करू लागत होतं. चॅटजीपीटी यायला तेव्हा अडीच वर्षं अवकाश होता. नमुने वाचताना मॉडेलचा एकही पॅरामीटर, म्हणजे त्याने शिकून ठेवलेला एकही आकडा, बदलत नाही, तरी त्याचं वागणं बदलतं. या सगळ्या विषयात मला आजही सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

पण नमुन्यांमधून तुम्ही न योजलेलंही बरंच काही जातं. २०२१ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत जीपीटी-३ तपासलं. चित्रपट-परीक्षणातलं वाक्य अनुकूल की प्रतिकूल, एवढंच ओळखायचं होतं. नमुने तेच ठेवून नुसता त्यांचा क्रम बदलला, तर अचूकता पन्नास टक्क्यांच्या जरा वरपासून नव्वदच्या पुढपर्यंत हलली! मॉडेल शेवटच्या नमुन्याकडे झुकत होतं आणि नमुन्यांत जे जास्त वेळा आलं त्याकडेही. आजची मॉडेल्स इतकी हळवी नाहीत, पण ही ओढ पुरती गेलेली नाही.

म्हणून सेक्रेटरीसाहेब, दोन्ही नोटिसा पाण्याच्या नकोत. एक टाकीची द्या, दुसरी वार्षिक सभेची. नाहीतर लिफ्टदुरुस्तीच्या नोटिशीतही ‘पाणी भरून ठेवावे’ डोकावेल. जुन्या तारखा खोडून तिथे ‘(तारीख)’ लिहा, कारण नमुन्यातली तारीख नव्या नोटिशीत उतरू शकते. थकबाकीदारांची नावं असलेली नोटीस तर मुळीच चिकटवू नका. ती नावं सोसायटीबाहेर जाण्याचं काही कारण नाही.

आणि जुनी नोटीसच नसेल तर? चॅटबॉटने दिलेली पहिली नोटीस तुमच्या हाताने दुरुस्त करा. पुढच्या वेळी त्याचा मसुदा आणि तुमची दुरुस्त प्रत, दोन्ही एकाखाली एक द्या. नुसत्या दुरुस्त प्रतीपेक्षा ही जोडी मला जास्त उपयोगी वाटते. तुम्ही काय ठेवलं ते तर त्यात दिसतंच, शिवाय ‘सन्माननीय’ खोडलेलंही दिसतं.