शेतीतील मूल आणि शाळा : ‘मदत’ या संज्ञेचा विचार

नागपूरच्या आग्नेयेस असलेल्या उमरेडच्या परिसरात कोळशाची उघडी खाण आणि शेतजमीन जवळजवळ नांदतात. भारतीय संविधानाच्या २४ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात, खाणीत अथवा अन्य धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई केली. त्यात शेताचा नामनिर्देश नाही. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यातही यंत्राने चालणारी काही कामे सोडली, तर शेतीचा सर्वसाधारण समावेश नव्हता. याचा परिणाम असा की, खाणीच्या काठापर्यंत जे काम निषिद्ध होते, ते काठापलीकडील शेतात दीर्घकाळ निषिद्ध मानले गेले नाही. हा भेद समजून घ्यावयाचा, तर कायद्याबरोबर शब्दांकडेही पाहिले पाहिजे.

शेतकामाची वैदर्भीय परिभाषा समृद्ध आहे. रोवणी, निंदण, डवरणी, सोंगणी, वेचणी, जागल यांपैकी प्रत्येक शब्द कामाचे नेमके स्वरूप सांगतो. परंतु ते करणाराचे वय त्यात सूचित होत नाही. भेद पडतो तो मोबदल्यामुळे. दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेले मूल ‘मजुरीला जाते’; तेच काम घरच्या वावरात केले, तर ते ‘हातभार लावते’. आई निंदणास गेली असता धाकट्या भावंडास सांभाळणाऱ्या मुलीच्या श्रमास तर नावच नाही. ती ‘घरीच असते’ एवढेच सांगितले जाते. ज्या श्रमास नाव नाही, तो मोजलाही जात नाही.

वस्तुतः या प्रश्नाचे मर्म फार पूर्वी सांगितले गेले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकरी वर्ग शाळेपासून दूर राहण्याची दोन कारणे दिली : पराकाष्ठेचे दारिद्र्य, आणि गुरे राखण्यासाठी व शेताची देखरेख करण्यासाठी मुलांची असलेली गरज. म्हणून किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, या मागणीबरोबरच शिष्यवृत्त्या व बक्षिसे यांचे साहाय्य द्यावे आणि अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असेही त्यांनी सुचविले. उमरेड ज्या मध्य प्रांतात होते, तेथे १९२० च्या कायद्याने सक्तीचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. १९२९ मध्ये हार्टोग समितीने प्राथमिक शिक्षणातील ‘अपव्यय’ व ‘स्थगन’ या दोषांवर बोट ठेवले. मूल शाळेत येत नाही, याहून आलेले मूल टिकत नाही, ही चिंता तेव्हापासूनची आहे.

शेतीपुरता या बाबतीत जो तोडगा निघाला, तो वेळेचा. १९२१ च्या आंतरराष्ट्रीय करारानेच चौदा वर्षांखालील मुलांचे शेतकाम शाळेच्या वेळेबाहेर मान्य केले होते. भारतात २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांकडून मजुरी करून घेणे सर्वत्र निषिद्ध ठरले. तथापि शाळा सुटल्यावर अथवा सुटीत कुटुंबास ‘मदत’ करण्याची मुभा राहिली. येथे कुटुंब म्हणजे केवळ आईवडील व भावंडे नव्हेत. काका, आत्या, मामा व मावशी हेही त्यात येतात. अर्थात मामाच्या वावरातील वेचणी हीसुद्धा कायद्याच्या भाषेत मदतच होय.

आता शेतीचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे. विदर्भात उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे शाळा राज्यातील इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नेमकी तीच पेरणीची धांदल. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी व निंदण, पोळ्यानंतर सोयाबीनची सोंगणी, दिवाळीच्या सुमारास कापसाचा पहिला वेचा. दिवाळीची सुटी संपते, वेचे संपत नाहीत. आणि त्यांच्या जोडीला हिवाळ्यात मिरचीची तोडणी येते. पीक शाळेच्या वेळेबाहेर थांबत नाही. म्हणून ‘मदत’ शाळेच्या दिवसांत शिरते.

ती शिरते तीही तुकड्यातुकड्यांनी. २०१७ च्या नियमांप्रमाणे मूल पूर्वसूचनेवाचून सलग तीस दिवस गैरहजर राहिले, तर मुख्याध्यापकाने संबंधित अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. परंतु रोवणीचे चार दिवस, सोंगणीचा आठवडा, प्रत्येक वेच्याचे दोनतीन दिवस यांची बेरीज महिन्याहून अधिक झाली, तरी ती सलग होत नाही. नियमाचा भंग होत नाही, पटावरील नावही कमी होत नाही. मात्र गणित पायरीपायरीने चढावयाचे असल्यामुळे भागाकार शिकविला गेला त्या आठवड्यात गैरहजर असलेले मूल पुढच्या सर्व पायऱ्यांवर अडखळते. कालांतराने त्याचे ‘अभ्यासात लक्ष नाही’ असे म्हटले जाते, आणि श्रमाचा परिणाम बुद्धीच्या खात्यावर लिहिला जातो.

यावरून अभ्यासकाने पटसंख्येपेक्षा हजेरीपत्रकास अधिक महत्त्व द्यावे, हे उघड आहे. एका वर्गाचे वर्षभराचे हजेरीपत्रक गावाच्या पीकक्रमाशी ताडून पाहिल्यास विस्कळीत भासणाऱ्या गैरहजेरीतील नियमितता ध्यानात येईल. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शैक्षणिक दिनदर्शिका ठरविणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य मानले आहे. त्यामुळे सुट्या पीकक्रमाशी जुळविण्यास वाव आहे. तथापि केवळ सुट्या हलविल्याने भूमिहीन कुटुंबाची अडचण सुटणार नाही. तेथे मुलाचा दिवस म्हणजे घरात येणारे धान्य असते. फुले यांनी सक्तीबरोबर साहाय्य मागितले होते, ते याचसाठी. सक्ती कायद्यात आली आहे. साहाय्य त्या कुटुंबाच्या बुडणाऱ्या रोजाइतके होत नाही, तोवर ‘मदत’ या सौम्य शब्दाआड मुलाचा शाळेचा दिवस खर्च होत राहील.