जीवाणू पीक सावरतील, पण मीठ कोण हटवणार?

क्षारपड जमिनीसाठीच्या जीवाणू संवर्धकांबद्दल एक समज घट्ट बसला आहे: हे जीवाणू मीठ खातात, म्हणून दोन-चार हंगाम वापरले की जमीन सुधारते. तसे होणे शक्य नाही. सोडियम हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, संपत नाही. काही जीवाणू मुळांभोवती चिकट थर तयार करतात आणि त्यात थोडे सोडियम अडकते, पण राहते ते मातीतच. शिवाय नव्या क्षारांची आवक चालूच असते. विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटर असलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. असे पाणी उसाला वर्षभरात एकूण मीटरभर उंचीचे दिले, तर एकरी अडीच टनांहून अधिक क्षार शेतात येतात. कृष्णा-वारणाकाठच्या भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. त्यामुळे पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात.

मग हे जीवाणू करतात काय? क्षारांचा ताण बसला की रोपात इथिलीन वाढते आणि मुळे खुंटतात. काही जीवाणूंचे विकर, इथिलीन ज्यापासून बनते तो एसीसी हा पदार्थच तोडते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इस्रायलच्या अरावा भागातला असा जीवाणू टोमॅटोच्या रोपांना दिला गेला. पाण्यात लिटरमागे सुमारे १० ग्रॅम मीठ असतानाही या रोपांचे वजन जीवाणू न दिलेल्या रोपांपेक्षा बरेच जास्त भरले. त्यांच्यातले सोडियम मात्र कमी झाले नव्हते. मला हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते: मीठ तेवढेच राहिले, रोपाची सोसण्याची ताकद वाढली.

मीठ हटतच नसेल तर खर्च कशाला, असे कोणी विचारेल. पण उगवण आणि रोपावस्था हाच बहुतेक पिकांचा नाजूक काळ असतो. क्षार बाहेर काढणाऱ्या निचऱ्याच्या कामाला पैसा आणि वेळ लागतो, तोवर पीक तर उभे राहायला हवे. फक्त संवर्धकाचे कोणतेही पाकीट चालेल असे मानू नये. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्राने 'हॅलो-अॅझो', 'हॅलो-पीएसबी' ही संवर्धके क्षार सोसणाऱ्या जीवाणूंपासून मुद्दाम तयार केली, कारण साधे जीवाणू अशा मातीत तग धरतीलच असे नाही. कुंडीतले यश शेतात तसेच उतरते असेही नाही. म्हणून आधी माती तपासून घ्या. क्षारपड असेल तर निचरा करा. सामू साडेआठच्या वर जाऊन जमीन चोपण झाली असेल तर निचऱ्याबरोबर जिप्समही द्या. आणि जीवाणूंची बीजप्रक्रिया या कामांच्या जोडीला करा, त्यांच्या बदल्यात नको.