महिला फुटबॉल संघांचे स्थैर्य : फिओरेन्तिना आणि एफसी पुणे सिटी

प्रस्तावना :
मुंबई–बंगळुरू महामार्गालगतच्या पुनावळे येथून बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल अवघ्या काही किलोमीटर अंतरावर आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले हे संकुल २०१४ मध्ये स्थापन झालेल्या एफसी पुणे सिटी या क्लबचे घरचे मैदान होते. इटलीतील फ्लॉरेन्स शहराचा फिओरेन्तिना हा क्लब त्याचा भागीदार होता व पहिले प्रशिक्षक फ्रँको कोलोम्बा हेही इटालियन होते. पुढे या दोन्ही क्लबांनी महिला संघ उभे केले. त्यांपैकी एक टिकला, दुसरा लोप पावला. या भिन्न परिणतीची कारणे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इटलीतील पार्श्वभूमी :
इटलीत महिलांचा पहिला फुटबॉल क्लब १९३३ मध्ये मिलान येथे स्थापन झाला; परंतु फॅसिस्ट राजवटीने त्याचे सामने लवकरच बंद पाडले. महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९६८ मध्ये सुरू झाली. १९८६ मध्ये महिला फुटबॉलचा राष्ट्रीय महासंघात समावेश करण्यात आला. फ्लॉरेन्समध्ये १९७९ पासून एसीएफ फिरेन्झे हा स्वतंत्र महिला क्लब कार्यरत होता. २००२ मध्ये फिओरेन्तिनाच्या पुरुष संघाचे दिवाळे निघाले व तो नव्याने उभारावा लागला. मात्र महिला क्लब स्वतंत्र असल्याने त्याचे अस्तित्व अबाधित राहिले. २०१५ मध्ये त्याचाच वारसा स्वीकारून फिओरेन्तिनाने आपला महिला संघ स्थापन केला. या संघाने २०१६–१७ च्या हंगामात साखळी विजेतेपद व इटालियन चषक हे दोन्ही सन्मान मिळविले.

पुण्याचा प्रयोग :
त्याच हंगामात भारतात इंडियन विमेन्स लीग सुरू झाली. तिच्या अंतिम टप्प्यातील सहा संघांमध्ये इंडियन सुपर लीगमधील एकमेव क्लब होता तो एफसी पुणे सिटी. या संघाला उपांत्य फेरी गाठता आली नाही, तथापि त्याचा सहभागच महत्त्वाचा होता. पुढे मालकांच्या आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये क्लब विसर्जित झाला. लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली आणि पुण्याचा महिला संघही संपुष्टात आला.

विश्लेषण :
२०१९ मध्येच फिओरेन्तिनाचीही मालकी बदलली. परंतु महिला संघ खेळतच राहिला. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे : फिओरेन्तिना क्लब विकला गेला, तर पुण्याचा क्लब बंद पडला. तरीही मूळ फरक पायाभरणीचा आहे. फ्लॉरेन्सच्या संघामागे चार दशकांची स्थानिक परंपरा व महासंघाच्या स्पर्धेतील स्थान होते. पुण्याचा महिला संघ मात्र पुरुष संघाच्या क्लबची शाखा होता. खोड कोसळताच फांदीही गेली. २०२२ पासून इटलीतील सर्वोच्च महिला साखळीला व्यावसायिक दर्जाही लाभला आहे.

निष्कर्ष :
२०२२ मध्ये महिला आशियाई चषकाचे सामने बालेवाडीच्या याच मैदानावर झाले. त्यावरून या परिसरात मैदानाची उणीव नाही, हे स्पष्ट होते. उणीव आहे ती मालकाच्या तिजोरीवर अवलंबून नसलेल्या, शाळा–महाविद्यालयांतून खेळाडू घडविणाऱ्या स्थानिक महिला क्लबची. असा क्लब असल्यास मालक बदलले तरी मुलींचा खेळ थांबणार नाही.