कुकरीचे वय कसे ओळखावे?

महाडहून रायगडाकडे जाताना नाते लागते. तेथील एका घरात मला एक कुकरी दाखवण्यात आली. या तालुक्यात फौजेत जाण्याची परंपरा जुनी. फौजी आंबवडे गावाच्या तर नावातच ती आहे. या घरातले पणजोबा पहिल्या महायुद्धात होते, आजोबा दुसऱ्या. मग कुकरी कोणाची?

आधी मूठ पाहावी. नेपाळातील कामी, म्हणजे लोहार, पात्याचे निमुळते शेपूट मुठीत लाखेसारख्या पदार्थाने बसवत. ब्रिटिश हिंदी सैन्यासाठी केलेल्या कुकऱ्यांत पात्याची पट्टी मुठीच्या टोकापर्यंत जाते आणि दोन्ही बाजूंचे लाकूड रिव्हेटने ठोकलेले असते. ही तशीच होती. पण अशा मुठी आजही होतात, तेव्हा एवढ्यावर भागत नाही.

धार काय सांगते? कामी तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीतून पाणी सोडतो. झपाट्याने निवालेली धार कठीण होते, पाठ चिवट राहते. आपले लोहार कोयत्याला पाणी पाजतात त्यामागेही हेच शास्त्र आहे. जुन्या कोयत्यावर कानस फिरवून पाहा: धारेवर ती घसरते, पाठीवर लागते. (कुकरीवर हा प्रयोग नको!) यावरून वस्तू कामाची की शोभेची हे कळते, वय नाही.

वय सांगतो तो ठसा. सैन्याच्या पात्यांवर साल ठोकलेले आढळते, १९१७ किंवा १९४३ असे. येथे भिंगातून १ आणि ९ दिसले, पुढे सपाट. दर दसऱ्याला पाते चिंच आणि राखेने घासले जाई. चिंचेतले आम्ल गंजाबरोबर थोडे लोखंडही विरघळवते, राख ते खरवडते. नेमके हवे ते दोन आकडे गेले होते.

ठसा मारताना खालचे पोलादही दबते. त्यामुळे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पुसलेले आकडे आम्ल लावून पुन्हा उमटवता येतात. परंतु त्यात पाते आणखी झिजते, आणि यश येईलच असे नाही. मी तो मोह टाळला.

घासणे बंद करा, शिलाई यंत्राचे तेल पातळसे लावा, आणि कातडे ओल धरते म्हणून पाते म्यानाबाहेर ठेवा, असे मी सुचवले. आजीबाईंनी विचारले, "मग दसऱ्याला हळदकुंकू?"

"मुठीला वाहा," मी म्हटले.