आज काय संपलं?

नाशिकला नवख्या माणसाने 'इथलं प्रसिद्ध काय?' असं विचारलं की ठरलेली चार नावं पुढे येतात. त्याऐवजी 'तुम्ही स्वतः सकाळी कुठे खाता?' असं विचारून बघावं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी सुटताना गेटबाहेर मी हेच विचारतो. माणसं थांबतात आणि आपसात वाद घालू लागतात. एकाला इकडचा रस्सा भारी वाटतो, दुसरा तिकडच्या पावाची बाजू घेतो. ज्या टपरीवरून किंवा हॉटेलावरून वाद रंगतो, तिथे जायचं.

तिथे पोचल्यावर माझा दुसरा प्रश्न असतो : 'आज काय संपलं?' चांगली जागा ओळखायची याहून खात्रीची खूण मला माहीत नाही.

याचं कारण कळायचं तर अशा मिसळीच्या हॉटेलाच्या मागच्या बाजूला पहाटे उभं राहावं. परातीत फडक्यांची गाठोडी सोडली जात असतात. मटकी आधी आठ-दहा तास भिजवायची, उपसायची, मग ओल्या फडक्यात घट्ट बांधून रात्रभर उबेला ठेवायची, तेव्हा कुठे मोड येतात. म्हणजे आज किती प्लेट मिसळ जाणार हे कालच ठरलेलं असतं. गर्दी झाली म्हणून ऐन वेळी मटकी वाढवता येत नाही. शेजारच्या कढईत काळ्या मसाल्याची तयारी चाललेली असते. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजायचा, पण जळू द्यायचा नाही. आचारी कढईवरून नजर काढत नाही. खोबऱ्याचा वास गोडसर असतो तोवर तो झारा चालवत राहतो, वास खमंग झाला की लगेच कढई उतरवतो. क्षणभर उशीर झाला तर सगळा रस्सा कडू होतो. दगडफुलाचा धुरकट वास शेवटी येतो. दुपारपर्यंत पातेलं रिकामं होतं आणि मालक 'उद्या लवकर या' म्हणतो.

याउलट साखळी हॉटेलात बरीचशी ग्रेव्ही मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येते आणि फ्रीजरमधून हवी तेवढी काढता येते. पुण्यात खाल्लेली चव नागपुरातही तशीच मिळते, ही त्या व्यवस्थेची सोय आहे. मात्र तिथे त्या दिवसाचं, त्या गावाचं असं काही ताटात येत नाही.

वाइनच्या बाबतीत 'आधी ठरलं तेवढंच' हा मिसळीचा नियम आणखी कडक आहे. सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिक, दिंडोरी, निफाड पट्ट्यात लहानमोठ्या वायनऱ्या उभ्या राहिल्या. इथली वेल वर्षातून दोनदा छाटतात : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. पण माल निघतो एकदाच, साधारण जानेवारी ते मार्च. तेवढ्या दिवसांत जे टाकीत पडलं, तीच त्या वर्षाची वाइन.

म्हणून लहान वायनरीत जायचं ते याच दिवसांत, आणि जमल्यास विक्रीच्या दालनाआधी टाक्यांकडे. बागेतला माणूस मणी चुरडून रसाचा थेंब साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर सोडतो आणि नळी उजेडाकडे धरतो. आत निळ्या-पांढऱ्या रंगांमधली रेघ बावीस ब्रिक्सच्या आसपास दिसते. 'ब्रिक्स लागलंय, उद्या पहाटे काढू,' तो सांगतो. पहाटे अशासाठी, की थंड मालाचा वास टिकतो. आत लाल वाइनच्या टाकीत साली फुगून वर आलेल्या असतात. रस फिका असतो, रंग सालींतून उतरतो, त्यामुळे तो जाड थर दिवसातून दोन-तीनदा लांब दांड्याने खाली दाबावा लागतो. दाबला की जांभळा फेस उसळतो आणि नाकाला झिणझिण्या येतात. अशाच एका वायनरीने, निफाडजवळ कुंदेवाडीच्या रेव्हिलोने, ग्रिलो आणि नेरो द'अव्होला या सिसिलीच्या द्राक्षांच्या जाती इथल्या मातीत रुजवल्या आहेत. अमुक साली केलेली वाइन संपली, असं लहान वायनरीत सांगतात तेव्हा ती खरोखरच संपलेली असते. तिची वेल आता पुढच्या हंगामातच फळ देणार.

मोजकं करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी धोका असतो. गिऱ्हाईक आलं नाही तर मोड आलेली मटकी वाया जाते, वाइन विकली गेली नाही तर वर्षभराचे पैसे टाकीत अडकतात. तरीही तो जास्तीचं करून साठवून ठेवत नाही. असा माणूस टिकायचा तर आपण आपली सोय थोडी बाजूला ठेवून त्याच्या वेळेला जायला हवं. मिसळीसाठी सकाळी लवकर उठावं, वाइनसाठी फेब्रुवारीत रजा काढावी. आणि 'संपलं' असं ऐकू आलं तर नाराज न होता ती जागा पक्की लक्षात ठेवावी.