साडीवरचं फूल आणि फुगलेलं फिनलंड

नवागाममध्ये कापडाची गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सुरतच्या डिंडोलीलगतच्या या वस्तीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली कितीतरी घरं. गल्लीत अहिराणी कानावर पडते आणि साड्यांना लेस-टिकल्या लावण्याचं काम घरबसल्या चालतं. तेव्हा जगाच्या नकाशाची भानगड साडीवरच पाहू.

छापील साडीचा तुकडा चेंडूवर घट्ट बसवा. सुरकुती पडणारच. उलट, चेंडूची साल सपाट पसरायची तर ती ताणावी तरी लागते, नाहीतर फाडावी. न ताणता, न फाडता गोलाचं सपाट होत नाही, हे १८२७ मध्ये गाउसच्या गणिताने पक्कं झालं. म्हणजे जगाचा प्रत्येक सपाट नकाशा काहीतरी बिघडवतोच. काय बिघडवायचं, एवढंच काढणाऱ्याच्या हातात.

गेरार्ड मर्केटरने १५६९ मध्ये आपला सौदा ठरवला. हा गडी अँटवर्पजवळच्या रुपेलमोंडचा. सुरतेत पैलू पाडलेले हिरे ज्या बाजारात जातात, त्याच्या शेजारचाच! पृथ्वीवर रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात. त्याने ती समांतर काढली, म्हणजे उत्तर-दक्षिणेकडचं कापड आडवं ताणलं. नुसतं आडवं ताणलं तर साडीवरचं फूल चपटं होतं. म्हणून त्याने ते तितकंच उभंही ताणलं. फूल फूलच राहिलं, आकाराने मात्र वाढलं. खलाशांचं काम झालं: होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट या नकाशावर सरळ रेषा होते.

किंमत क्षेत्रफळाने मोजली. सुरत २१ अंशांवर, तिथे लांबी जेमतेम ७ टक्के वाढते. ६० अंशांवर ती दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. महाराष्ट्र ३.०८ लाख चौरस किलोमीटर, फिनलंड ३.३८ लाख, म्हणजे उन्नीस-बीस. पण या नकाशावर फिनलंड महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट दिसतं. ग्रीनलँड तर आफ्रिकेच्या तोडीचं वाटतं. खरं तर आफ्रिका त्याच्या १४ पट आहे आणि आपला भारतही त्याच्या दीडपट.

१९७३ मध्ये आर्नो पीटर्सने क्षेत्रफळं बरोबर राखणारा नकाशा गाजवला. त्यात आफ्रिका दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या लुगड्यासारखी लोंबते. मला तो कधीच आवडला नाही. २०१८ चा ‘इक्वल अर्थ’ क्षेत्रफळही सांभाळतो आणि डोळ्यांनाही बरा वाटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी संघानेही मर्केटर बदलण्याच्या मागणीला पाठिंबा दिला.

फोनवर गल्लीबोळ शोधताना मात्र मर्केटरचाच वारस कामाला येतो, कारण काटकोनात वळणारी गल्ली त्यात काटकोनातच वळते. तिथे तो खुशाल राहू द्या. वर्गाच्या भिंतीवरून तेवढा उतरवा, आणि ते जमत नसेल तर गुरुजींनी त्याच्या शेजारी एक पृथ्वीगोल ठेवावा.